म्हाताऱ्याच्या तोंडात हात कोण घालणार

लोसा शाळेच्या पाण्याच्या टाकीपाशी ओरडली की खाली समुद्रकाठी जाळी शिवत बसलेले बाप्ये माना वर करून बघतात. त्यांना वाटतं कुणी बुडालं. बुडालेलं कुणी नसतं. पहिलीतल्या एखाद्या पोराने पेस्ट गिळलेली असते, एवढंच.

"थुंक! थुंक म्हणते ना! खायला दिलीय का ती? आणि वर खळखळून चूळ भरायची नाही, कितीदा सांगू? नुसतं थुंकायचं!"

हाआपाई नावाच्या, भर समुद्रातल्या बेटांच्या पुंजक्यात त्या बेटावर तीन गावं, तीन शाळा, आणि तिन्ही शाळांतले दात एकट्या लोसाच्या ताब्यात. आरोग्य केंद्राने तिला एक सायकल दिलीय आणि ब्रशांनी भरलेली पेटी दिलीय. पोरं तिला दातांची बाई म्हणतात. पोरांच्या आया तिच्या पाठीमागे आणखी काहीबाही म्हणतात, कारण लोसा पोरांना एक शब्द बोलते आणि आयांना दहा.

"रक्त आलं म्हणून ब्रश बंद केला? वा! म्हणजे घर घाण झालं की तू झाडू लपवून ठेवतेस का गं? रक्त येतं ते घाण साचलीय म्हणून येतं. मऊ ब्रश घे, हळू घास, पण घास!" कुणाच्या घरी एका खिळ्याला एकच ब्रश टांगलेला दिसला आणि घरात आठ तोंडं असली, तर त्या घरचा चहा ती घेत नसे. आणि रविवारी चर्चला जायच्या आधी तेवढे दात घासणाऱ्यांवर तर तिचा खास राग. "देवाला वास येऊ नये म्हणून घासता होय? आणि सोमवारी देव काय सुट्टीवर जातो?"

असं बोलणं सगळ्यांना सोसवत नाही. पण लोसाचंही खरं होतं. तिच्या आईचे सगळे दात चाळिशीच्या आत गेले होते. नवऱ्याने हौसेने बसवून दिलेला एक सोन्याचा दात होता, तोसुद्धा बाकीच्यांच्या मागोमाग गेला. आई हसताना तोंडावर हात धरायची, आणि लोसाला आठवतं तेव्हापासून तो हात तिथेच होता. लोसा दातांच्या कामाला लागली त्याला दुसरं काही कारण नाही. तो हात बघून बघून तिचं डोकं फिरलं होतं.

आता तिचा बाप. सोसाया त्याचं नाव. थोराड माणूस, चर्चमध्ये उभा राहून बोलायला लागला की मागच्या बाकांवरची झोपलेली माणसंसुद्धा उठून बसत. त्याच्या घरात त्याचा पेला वेगळा, कंगवा वेगळा, चटई वेगळी. त्याच्या ताटातलं उरलेलं पोरांनी खायचं नाही, आणि बापाच्या डोक्याला पोरांनी हात म्हणून लावायचा नाही. मानेच्या वरचं सगळं त्याचं एकट्याचं. हे तिथे कुणी पाटीवर लिहून शिकवत नाही. पोर रांगायला लागतं तेव्हाच त्याला कळतं की बाप झोपला असेल तर उशाकडून जायचं नाही. केस कापायचे ते बायकोने, काटा काढायचा तो बायकोने. आणि लोसाची आई दोन वर्षांपूर्वी वारली.

त्यानंतर सोसायाला झटका आला. उजवं अंग गेलं, तोंड एका बाजूला ओघळलं, बोलणं जड झालं. मोठ्या बेटावरच्या दवाखान्यात राहिला आणि मग होडीतून घरी आणला. लोसाचा नवरा ऑस्ट्रेलियात फळं तोडायच्या कामावर, दोघे भाऊ ऑकलंडला. भाऊ फोनवर रडायचे आणि नंतर विचारायचे, "बाबा जेवतात ना गं?"

बाबा जेवत नव्हते. सुरुवातीला जेवले. लुळ्या गालात घास अडकून राहायचा आणि तिथेच कुजायचा, हे त्याला कळत नव्हतं, कारण त्या गालाला काही कळतच नव्हतं. मग तोंडाला वास यायला लागला. मग अळकुडीचा मऊ शिजवलेला तुकडा ओठांना लागला की तो कळवळायचा आणि मान फिरवायचा. मग माशाच्या रश्शालाही नाही म्हणायला लागला.

गावाने निकाल लावून टाकला. बायकोच्या ओढीने म्हातारा निघाला. बायका संध्याकाळी अंगणात येऊन भजनं म्हणायला लागल्या. चांगल्या तीन-तीन सुरांत.

"काय छान मरतोय बघा," लोसा स्वयंपाकघरात भांडं आपटत म्हणाली. "भुकेने मरतोय माझा बाप, आणि ह्या गातायत!"

तिने त्याला जांभई देताना पाहिलं होतं. तेवढंच पुरे होतं. हिरड्या सुजून जांभळ्या झालेल्या, दातांच्या मुळाशी पिवळा थर, जिभेवर पांढरी साय. शाळेत एखाद्या पोराचं असं तोंड दिसलं असतं तर तिने त्याच्या आईला टाकीपाशी उभं करून फाडून खाल्लं असतं. आणि इथे तिच्याच घरात, तिच्याच बापाचं.

मोठ्या बेटावरून नर्स आली. तिने कापडाच्या बोळ्याने त्याचं तोंड एकदा पुसलं. ती दवाखान्याची बाई, तिचा हात कुणी मोजत नाही. होडीकडे परत जाताना ती लोसाला म्हणाली, "तुला मी काय सांगू, तूच सांगणारी. ही घाण छातीत उतरली तर ताप भरेल, आणि मग माझ्या हातात काही नाही. दिवसातून दोनदा साफ करायला हवं. घरातलं कुणीतरी बघ."

घरातलं कुणीतरी! लोसा ब्रश घेऊन बापाच्या खोलीत गेली. सगळ्यात मऊ ब्रश, वाटाण्याएवढी पेस्ट, खांद्यावर पंचा. सोसायाने ब्रश बघितला, तिच्याकडे बघितलं, आणि तोंड गच्च मिटून भिंतीकडे मान फिरवली.

"बाबा, दुखणार नाही. दोन मिनिटं फक्त."

डावा हात चटईवर आपटून तो म्हणाला, "नाही." एवढा एकच शब्द त्याला स्वच्छ बोलता येत होता.

आणि भिंतीच्या पलीकडून खोकल्याचा आवाज आला.

तो खोकला आत्याचा. मानू आत्या, सोसायाची थोरली बहीण. भाऊ होडीतून उतरला त्या दिवसापासून ती ओसरीवर येऊन बसली होती, त्याच्या खोलीच्या भिंतीला पाठ लावून. आत पाऊल टाकायची नाही, कारण वयात आल्यावर बहीण-भाऊ एका खोलीत बसत नाहीत. एकमेकांच्या अंगाबद्दल, दुखण्याबद्दल चकार शब्द काढत नाहीत, कुणी दुसऱ्याने काढलेला ऐकतही नाहीत. पण भावाच्या घरात हुकूम चालतो तो बहिणीचाच. पोरांची नावं ती ठेवणार, लग्नं ती ठरवणार. लोसाचं नाव तिनेच ठेवलेलं.

"लोसा, बाहेर ये."

लोसा बाहेर आली. ब्रश हातातच.

"काय चाललंय?"

"आत्या, त्यांचं तोंड सडतंय."

"माझ्यासमोर असलं बोलू नकोस."

"मग कुणासमोर बोलू? भिंतीसमोर? तुम्ही ऐकणार नाही, ते ऐकणार नाहीत. हात लावला तर आकाश कोसळेल, आणि नाही लावला तर ते मरतील. सांगा, काय करू?"

आत्याने तिच्याकडे बघितलंही नाही. अंगणातल्या डुकरांकडे बघत ती म्हणाली, "बापाचं डोकं आहे ते."

"मला वाटलं नारळ आहे!"

"जीभ आवर."

"जीभ कशी आवरू? माझा धंदाच तोंडाचा! तीन शाळांतल्या पोरांच्या तोंडात बोटं घालते मी, आणि माझ्या बापाच्या नाही? बरं, मी नको. मग कोण? ह्या अख्ख्या गावात आपल्या नात्याबाहेरचं कोण आहे? दुकानवाला लिन! त्याला बोलवू? साबण तोलता तोलता येऊन बाबांचे दात घासून जा म्हणू?"

आत्याच्या ओठाचा कोपरा हलला की नाही कुणास ठाऊक. लोसा तणतणत आत गेली आणि तो ब्रश तिने पेल्यात असा टाकला की पेला लवंडला.

त्या आठवड्यात सोसाया साखरेच्या पाण्यावर जगला. साखरेच्या पाण्यावर! भजनवाल्या बायका ते चमचा-चमचा पाजायच्या आणि लोसाच्या तळपायाची आग मस्तकात जायची. ती शाळेत इतकी ओरडली की तिसरीच्या मास्तरांनी तिला बाजूला घेऊन विचारलं, बाई, बरं आहे ना?

मग शुक्रवारच्या होडीने फिफिता आली.

फिफिता ही मानू आत्याची मुलगी, लोसाची आतेबहीण. राजधानीला राहते, अंगाने भरलेली, आवाजाने गोड, पायात नवी चप्पल. आणि सोसायाची भाची. भाचीचा मान तिथे काय असतो तो आपल्याकडच्या भाच्यांनी ऐकला तर त्या उठून तिकडे राहायला जातील. फाहू म्हणतात त्याला. मामाच्या घरात भाचीने यावं, हवं ते उचलावं आणि जावं, आणि मामाने वर हसावं. लहानपणी फिफिताने लोसाची बाहुली नेली. मोठेपणी लोसाच्या आईचं शिवणयंत्र नेलं, आई त्यावर चर्चचे कपडे शिवत असताना. सुळेवाला डुक्कर नेला, चटया नेल्या, एकदा तर चुलीवरचं भांडं कालवणासकट नेलं. मामाचं घर म्हणजे तिचं दुकान, फक्त गल्ल्यावर कुणी बसायचं नाही. सोसाया कधी ब्र काढत नसे. उलट म्हणायचा, "आली का माझी राणी?" लोसाला तो कधी राणी म्हणाला नाही.

फिफिता आली ती आधी रडली. मग मामाच्या उशाशी फतकल मारून बसली. कालपासून पडलेला अळकुडीचा तुकडा त्याच्या ताटातून उचलून तिने तोंडात टाकला आणि चावता चावता, सहज, दुसऱ्या हाताने मामाचे केस मागे सारायला लागली. पांढरे, विस्कटलेले केस. कपाळावरून मागे, पुन्हा कपाळावरून मागे. म्हाताऱ्याने डोळे मिटले.

लोसा दारात रश्शाचा वाडगा घेऊन उभी होती. तिने त्या हाताकडे बघितलं आणि तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला, आणि प्रकाशाबरोबर असा संताप आला की वाडगा तिने तिथेच खाली ठेवला, नाहीतर फेकला असता.

फिफिता उठून माजघरात गेली, पेटारा उघडला आणि लोसाच्या आईच्या हातची, तापा म्हणतात त्या कापडाची गुंडाळी बाहेर काढली. झाडाच्या सालीची, नक्षी काढलेली, लोसाच्या आईने गावातल्या बायकांबरोबर हिवाळाभर कुटून केलेली ती शेवटची गुंडाळी. "ही घेते हं मी," म्हणून फिफिताने ती खांद्यावर टाकली आणि ओसरीवर आली. तिथे लोसा तिच्यापुढे येऊन उभी राहिली.

"घे की. पण सगळं घे."

"म्हणजे?"

"म्हणजे मामाच्या घरातलं जे हवं ते तुझं ना? मग मामाच्या तोंडातली घाण पण तुझी. ती घेतल्याशिवाय ही नेऊ देणार नाही."

"लोसा! वेड लागलं का तुला?"

"लागलं! मघाशी त्यांच्या डोक्यात हात घातलास. मी ह्या घरात जन्मले, माझा हात कधी तिथे गेला नाही. तुझा जातो. त्यांचं उष्टं तू खातेस. गावात एक माणूस आहे ज्याचा हात त्या तोंडात जाऊ शकतो, आणि तो माणूस गुंडाळी खांद्यावर टाकून होडीकडे निघालाय!"

"ईऽऽ, अगं, वास येतो त्यांच्या तोंडाला! मला ओकारी येईल."

"ओक. ओकून झालं की घास."

"हे काय बोलणं झालं? मी राजधानीहून एवढी भेटायला आले—"

"भेटायला नाही, उचलायला आलीस! जन्मभर उचलतच आलीस. शिवणयंत्र नेलंस तेव्हा सुई आईच्या बोटात अडकायची राहिली होती. मी काही बोलले? आज बोलते. नाही घासणार म्हणालीस तर ही गुंडाळी मी चुलीत घालीन, आणि सगळ्या गावाला सांगीन की का घातली!"

फिफिताने गुंडाळी छातीशी धरली. लोसाने दुसरं टोक धरलं. अंगणातली भजनं थांबली. भाचीच्या हातातून वस्तू ओढून घेणारी बाई त्या गावाने आजवर पाहिली नव्हती, आणि पुढे पाहील असंही वाटत नाही. भजनवाल्या बायकांपैकी एकीने तर डोळ्यांवर हात घेतला, बोटांत फट ठेवून.

फिफिता आईकडे वळली. "आई, बघ ना गं ही काय करतेय!"

मानू आत्या भिंतीला पाठ लावून बसली होती तशीच बसून राहिली. आतून म्हाताऱ्याच्या श्वासाचा घरघर आवाज येत होता. तो आवाज तिने रात्रंदिवस ऐकला होता. त्याबद्दल तिला विचारता येत नव्हतं आणि त्याचं कारण कुणी तिला सांगू शकत नव्हतं. लोसाने सगळं तिच्यासमोर ओरडून सांगितलं होतं, अगदी नको त्या शब्दांत, आणि ह्यावेळी आत्याने तिला गप्प केलं नव्हतं.

"फिफिता," आत्या म्हणाली, "होडी पुढच्या शुक्रवारीपण येते."

"पण आई—"

"चप्पल काढ आणि आत जा."

फिफिताने चप्पल काढली. रडत रडत काढली, पण काढली.

मग जे सुरू झालं ते ऐकायला अंगणात शाळेतल्यापेक्षा जास्त गर्दी जमली. आत फिफिता मामाचं डोकं मांडीवर घेऊन बसलेली, दारात लोसा, उंबऱ्याच्या बाहेर, हात पाठीशी बांधून. दोन्ही हात तिने एकमेकांत घट्ट अडकवले होते.

"मामा, तोंड उघड ना रे," फिफिता म्हणाली. आणि लेकीपुढे गच्च मिटलेलं ते तोंड भाचीपुढे उघडलं. लोसाने ते बघितलं आणि दात ओठात रोवले.

"आधी बोटाला कापड गुंडाळ. उजव्या गालात घाल. तिथे घास अडकलाय, तो काढ."

"ई आई गं! ई!"

"ई काय, काढ! आता ब्रश. एवढी पेस्ट नको, अर्धी पुसून टाक, गिळली तर ठसका लागेल त्यांना. डोकं थोडं उचल. आडवा घासू नकोस, फरशी आहे का ती? ब्रश तिरपा धर, दात आणि हिरडी मिळतात तिथे टेकव, आणि तिथल्या तिथे गोल फिरव. लहान गोल. हळू. अगं हळू!"

"लोसा, रक्त! रक्त येतंय! मी थांबते."

"थांबलीस तर बघ! रक्त येणारच, इतके दिवस साचलंय. दाब कमी कर आणि पुढचा दात घे. आतल्या बाजूने पण. आता जीभ, मागून पुढे. झालं. कापडाने पुसून घे, पाणी ओतू नकोस, छातीत जाईल."

फिफिता बाहेर आली ती थेट पपईच्या झाडामागे जाऊन ओकली. परत आली तेव्हा तिचा चेहरा पांढरा पडला होता. लोसाने तिला पाणी दिलं. "संध्याकाळी पुन्हा," म्हणाली. "झोपायच्या आधीचं जास्त महत्त्वाचं. रात्रभर तोंडात काही राहता कामा नये."

फिफिताने तिला अशी शिवी दिली की भजनवाल्या बायकांनी ती आपापल्या घरी जाऊन नवऱ्यांना सांगितली.

सकाळ-संध्याकाळ, सकाळ-संध्याकाळ. फिफिताची ओकारी थांबली. मग रक्त कमी झालं. हिरड्यांचा जांभळा रंग उतरला आणि वास गेला. एका सकाळी सोसायाने माशाचा रस्सा प्यायला, वाडगा खाली ठेवू दिला नाही आणि अजून मागितला. नंतर नारळाच्या दुधात शिजवलेली अळूची पानं खाल्ली. डाव्या हातात बळ आलं, पेला धरता यायला लागला. पुढच्या शुक्रवारची होडी गेली, त्याच्या पुढचीही गेली, आणि फिफिता गेली नाही. भजनवाल्या बायकांना काम उरलं नाही.

रविवारी चर्चमध्ये धर्मगुरूंनी भाषणात सांगितलं, भाची असावी तर अशी. मामाला मरणाच्या दारातून ओढून आणलं. फिफिताने मान खाली घातली आणि डोळे पुसले. मागच्या बाकावर लोसा बसली होती. लोकांनी वळून तिच्याकडेही बघितलं, पण ते वेगळ्या नजरेने. ही ती गुंडाळी ओढणारी.

"तुला राग आला का गं?" घरी येताना फिफिताने विचारलं. तिच्या विचारण्यात खोट नव्हती, हेच लोसाला जास्त लागलं.

"मला? मला कशाला राग येईल? मी काय केलंय?" लोसा म्हणाली आणि इतक्या झपझप पुढे गेली की तिला गाठताना फिफिताची चप्पल मागे राहिली. राग! तिला वाटत होतं समोरचं नारळाचं झाड उपटून फेकावं. पोट भरलं म्हणून बाबा हसायचे ते फिफिताकडे बघून. हाक मारायचे फिफिताला. बाप वाचावा म्हणून तिनेच त्याला उचलून दुसरीच्या मांडीवर ठेवलं होतं, आणि आता मांडीकडे बघून जळत होती. जळू नये म्हणून स्वतःला दटावायची आणि त्यामुळे आणखी जळायची.

मग एका दिवशी फिफिता शेजारच्या बेटावर लग्नाला गेली. परतायची होती दुपारी, पण वारा फिरला आणि होडी सुटलीच नाही. संध्याकाळ झाली. सोसायाने भाजलेला मासा खाल्ला होता, चांगला काटे काढून दिलेला. ऊन अजून अंगणात होतं. लोसा ताट उचलायला आत गेली.

"फिफिता?" त्याने विचारलं. बोलणं आता बरंच सुटलं होतं.

"नाही आली. उद्या येईल."

त्याने जिभेने गालात चाचपलं. तोंड वाकडं केलं. "अडकलंय," म्हणाला.

पेल्यातला ब्रश लोसाने उचलला, पेस्ट लावली, सवयीने, आणि मग तिच्या लक्षात आलं की आपण काय करतोय. सोसाया तिच्याकडे बघत होता. आणि मग त्याने मान तिच्याकडे वळवली आणि तोंड उघडलं.

"घास," तो म्हणाला.

बास. इतके दिवस ती ज्याच्यासाठी जगाशी भांडली ते समोर उघडं होतं. आत्या ओसरीवर होती, पण खोकली नाही. अंगणात कुणी नव्हतं. अडवायला कुणी म्हणून नव्हतं. लोसाने हात पुढे केला. तो हात अर्ध्या वाटेत थांबला.

तिने हाताला शिव्या घातल्या मनातल्या मनात. जा की! पोरांच्या तोंडात जातोस, परक्याच्या तोंडात जातोस, जा! हात गेला नाही. ब्रशवरची पेस्ट चटईवर पडली, पण बापाच्या ओठांपर्यंतची ती वीतभर जागा काही संपेना. म्हातारा तोंड उघडं ठेवून वाट बघत राहिला. ओठाच्या कोपऱ्यातून लाळ ओघळली. ती पुसायलासुद्धा तिचा हात गेला नाही.

मग त्याने तोंड मिटलं. रागावला नाही. हळूच मान हलवली, लहान मुलीला म्हणतात तसं, राहू दे. लोसाने ब्रश त्याच्या डाव्या हाताशी ठेवला आणि खोलीबाहेर पळाली.

ओसरीवर येऊन तिने खांबावर मूठ मारली. एकदा मारली, आणखी एकदा मारली. दुखलं तेव्हा थांबली आणि रडायला लागली. रागाने रडताना माणूस कुरूप दिसतं, तशी दिसत होती.

"सगळ्यांच्या नावाने बोंबलले मी," ती म्हणाली. "तुमच्या नावाने, फिफिताच्या, गावाच्या. आणि ह्या माझ्या हाताला काय झालं होतं? कुणी धरला होता ह्याला?"

मानू आत्या चटईवर थोडी सरकली. बसायला जागा केली.

"बस," म्हणाली. लोसा बसली. भिंतीला पाठ लावून, आत्याच्या शेजारी. भिंत लाकडाची होती, पातळ. पलीकडे माणूस कुशीवर वळला तरी कळत होतं.

"हा पोटात असताना आमची आई आजारी होती," आत्या भिंतीकडे न बघता म्हणाली. "जन्मल्यावर वर्षभर मीच सांभाळला ह्याला. कमरेवर घेऊन फिरायचे. मग मोठा झाला आणि ह्याच्या खोलीचं दार मला बंद झालं. हा होडीतून उतरला तेव्हा मी ह्याचा चेहराही नीट बघितला नाही. भिंतीआडून कानावर आलं, तोंड वाकडं झालंय. झालंय का गं?"

लोसाने हो म्हणून मान हलवली.

आतून आवाज आला. खसखस, थांबून पुन्हा खसखस. म्हाताऱ्याने डाव्या हाताने ब्रश धरला होता. दोघी ऐकत बसल्या.

"कसं करतोय?" आत्याने विचारलं. भावाच्या दातांबद्दल तिने विचारलेला तो पहिला प्रश्न होता.

लोसाने नाक पुसलं. कान देऊन ऐकलं. "वाईट," ती म्हणाली. "आडवा घासतायत. जोर लावून, पुढच्या पुढच्या दातांवर. हिरड्या सोडल्या, मागच्या दाढा सोडल्या, आणि तो उजवा गाल, तिथे तर ब्रश पोचलाच नाही."

"मग सांग ना त्याला! बसलीस काय नुसती?"

लोसाने भिंतीवर थाप मारली आणि ओरडली, "बाबा! तिरपा धरा! गोल फिरवा, गोल! आडवा नको!"

खसखस थांबली. मग पुन्हा सुरू झाली, जरा हळू.

"आणि उजव्या गालात," आत्या म्हणाली, दात-ओठ खात, डोळ्यांत पाणी घेऊन. "उजव्या गालात घाल म्हणावं त्या गाढवाला."